आत्यांची खोटी दुखणी

आत्यांना राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणत. मी त्यांच्या घरी भाडेकरू म्हणून राहिले आणि मला उलटंच दिसलं. कारणं भरपूर होती. राग मात्र त्यांना एकट्यांनाच येत होता.

समुद्राकाठचं ते छोटं गाव. श्रीवर्धनला जाणारी एसटी तिथल्या नाक्यावर थांबते. सुपारीच्या वाड्या संपल्या की उघड्या माळावर आमचं खासगी नर्सिंग कॉलेज होतं. मला तिथे शिकवायची नोकरी लागली. माझं गाव तळा तालुक्यात आतमध्ये, घरी भातशेती, वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. रोज जाऊन येणं जमणारं नव्हतं, म्हणून खोली शोधायला लागले. पहिल्या घरात खोली दाखवली, चहा दिला, आडनाव विचारलं, आणि मग त्यांना आठवलं की खोली भाच्यासाठी ठेवलीय. दुसऱ्या घरात आडनाव आधीच विचारलं, त्यामुळे त्यांचा चहा वाचला.

तिसरं घर आत्यांचं. पांढरे केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात सुपारी सोलायची सुरी. त्यांनी विचारलं, "मोबाइलवर मोठ्याने बोलतेस का?"

"नाही."

"सुपारी सोलता येते?"

"नाही."

"शिकशील. सामान आण."

मी आपणहून आडनाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "टपाल आलं तर उपयोगी पडेल. एरवी मी काय करू त्याचं?" मग आधीच्या दोन घरांत काय झालं ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि संध्याकाळी चपला घालून दोन्ही घरी जाऊन भांडून आल्या. माझं सामान अजून ओसरीवरच होतं.

मी त्यांना काकू म्हणायला गेले, तर तेही चाललं नाही. "काकू कोणाची? काका दिसतो का कुठे? आत्या म्हण. आत्या व्हायला नवरा लागत नाही." लग्न त्यांनी केलं नव्हतं. नोकरीभर टेलिफोन खात्यात होत्या. कानाला यंत्र लावून ट्रंक कॉल जोडायचं काम असायचं त्या काळापासून. गावातले कितीतरी जन्म आणि मृत्यू घरच्यांच्या आधी आत्यांच्या कानावरून गेलेले. त्याबद्दल त्या कधी एक शब्दही बोलल्या नाहीत. पण त्या नोकरीने त्यांना एक सवय लावली होती. कोणी कोणाचं बोलणं मध्येच तोडलं की त्यांचा आवाज चढायचा. "लाइन तोडू नका! बोलणं चालू आहे त्यांचं." वाण्याच्या दुकानात, ग्रामसभेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही.

खऱ्या पेशंटला हात लावायच्या आधी मुलींनी धडधाकट माणसांवर सराव करावा, अशी पद्धत आमच्याकडे सुरू झाली. माणसाने ठरलेला आजार वठवायचा, मुलीने त्याला विचारायचं, तपासायचं, आणि शेवटी त्या माणसाने मुलीला सांगायचं की कसं वाटलं. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना नकली पेशंट म्हणायचो. अशी माणसं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं आणि गावाने कानावर हात ठेवले. खोटं दुखणं अंगाला चिकटतं म्हणे. वास्तू तथास्तु म्हणते.

"वास्तू तथास्तु म्हणत असती," आत्या म्हणाल्या, "तर मी केव्हाच टेलिफोन खात्याची मंत्री झाले असते. मी येते."

त्यांना पहिला आजार मिळाला पोटदुखीचा. मी लिहून दिलं होतं, बाई, वय साठच्या पुढे, दोन दिवस पोटात दुखतं. आत्यांनी ते वाचलं आणि विचारलं, "ही बाई राहते कुठे?"

"त्याची गरज नाही आत्या."

"गरज कशी नाही? ही आली कशी? एसटीने, की कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून? पोट धरून मोटारसायकलवर बसून बघ एकदा. दोन दिवस का थांबली? घरी सून आहे का? सून बरी आहे का? दुखणं काय हवेत लटकत असतं?"

मग त्यांनी त्या बाईला घर दिलं, सून दिली, खाडीपलीकडचं गाव दिलं. सरावाच्या परीक्षेच्या दिवशी त्या पिशवी घेऊन आल्या. पिशवीत जुनं पातळ, स्टीलचा डबा, पाण्याची बाटली आणि कुठल्यातरी भलत्याच माणसाचे एक्स-रे. ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर आदल्या सकाळी जाऊन बसल्या होत्या, पेशंट कसे बसतात ते बघायला. तिथल्या शिपायाने विचारलं, काय होतंय, तर म्हणाल्या, "मला काही नाही. उद्या होणार आहे."

पहिली मुलगी आली, खाली मान घालूनच आली, आणि सरळ आत्यांच्या पोटावरचा पदर ओढला. आत्यांनी तिचं मनगट धरलं.

"आपण कोण?"

"मी... तुम्हाला तपासतेय."

"ते कळलं मला. कोण?"

मुलगी भांबावून माझ्याकडे बघायला लागली. आत्या म्हणाल्या, "तिकडे नको बघूस. पोट माझं आहे. नाव सांग, काय करणार ते सांग, आणि मी हो म्हणेपर्यंत थांब."

त्या दिवशी पाच मुली रडल्या. मी आत्यांना घरी येता येता म्हटलं, की पोरी लहान आहेत, जरा सबुरीने घ्या. त्या रस्त्यातच थांबल्या. "खऱ्या पेशंटला रागावता येतं का गं? सुई त्यांच्या हातात असते. बाई आतल्या आत गिळते आणि वर हात जोडते. मग ह्या पोरींना कधी कळणार, आपण काय केलं ते? मला कोणी सुई टोचणार नाहीये. म्हणून तिच्या वाटचं मी रागावते."

हे मी तेव्हा ऐकून घेतलं, पण पुरतं कळलं नव्हतं.

त्यांनी आमच्याकडे दमा वठवला, साखर वठवली, पडून मोडलेलं खुब्याचं हाड वठवलं. एकदा मेल्यासुद्धा. मृत्यूनंतर देहाची व्यवस्था कशी करायची याचा तास होता. आत्या डोळे मिटून पडल्या. श्वास इतका बारीक केला की मी वाकून छाती हलतेय का ते बघितलं. दोन मुलींनी त्यांच्या तोंडावर चादर ओढली आणि चादरीच्या घड्या बसवता बसवता रविवारी समुद्रावर जायचं आणि येताना मिसळ खायची असं ठरवायला लागल्या. चादर हलली. आत्या उठून बसल्या. "अगं, जरा गार तरी होऊ द्या मला! माझा मुलगा दाराबाहेर उभा आहे. त्याला तुमची मिसळ ऐकू जातेय." मुलगा अर्थातच नव्हता. पण त्या दोन मुलींनी दाराकडे वळून बघितलं, आणि पुढे कधीही मेलेल्या माणसापाशी त्या मोठ्याने बोलल्या नाहीत.

कॉलेजात आत्यांना घाबरणाऱ्या पोरीच जास्त होत्या. अपवाद प्रणालीचा. ती बंदरावरच्या कोळीवाड्यातली, घरची नर्सिंगला आलेली पहिलीच. आमच्या उपप्राचार्या मॅडम तिच्या बोलण्यावरून तिला वर्गात उभं करायच्या. 'पेशंटशी शुद्ध बोलायचं' हा त्यांचा नियम होता. मॅडम प्रसूतीशास्त्र शिकवायच्या. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी मोठ्या दवाखान्यांच्या लेबर रूममध्ये काढली होती. हाताला यश होतं त्यांच्या, अडलेली बाळंतीण सोडवावी तर मॅडमनीच, असं डॉक्टरही म्हणायचे. मी त्यांच्या हाताखाली होते आणि त्यांना मानत होते.

परीक्षेला प्रणाली आत्यांपुढे आली. आधी चांगलं 'नमस्कार, माझं नाव' वगैरे म्हणाली. पण आत्यांनी पोट धरून असं काही कण्हायला सुरुवात केली की तिचं शुद्ध बोलणं गळून पडलं. ती खाली उकिडवी बसली आणि म्हणाली, "कवापासनं दुखतंय गो आये? खाल्लंस काय सकालधरनं? न्हाय? हात लावू काय पोटाला?"

मॅडमनी गुण कापले. आत्या संतापल्या. "आज आलेल्या सगळ्यांत ही एकटी माझ्याशी बोलली. बाकीच्या कागदाशी बोलत होत्या."

"तिने तुम्हाला अगंतुगं केलं," मॅडम म्हणाल्या. "मागच्या खेपेला एकीने तुम्हाला 'ए मावशी, झोप इथे' म्हटलं, तर तुम्हीच केवढा गोंधळ घातला होता!"

"तू आणि तू यांत फरक असतो मॅडम. एक तू जवळ घेतं. एक तू खाली ढकलतं. एवढं मराठी तुम्हाला नक्की कळतं."

मॅडमनी पुढच्या मुलीला हाक मारली. गुण मात्र तेवढेच राहिले.

आणि मग बाळंतपणाचा तास आला. कमरेला पट्ट्यांनी बांधायचं एक रबरी पोट असतं, आत बाहुली. ते बांधून बाईने कळा द्यायच्या आणि मुलींनी बाळंतपण करायचं शिकायचं. गावातली एकही बाई ते बांधायला तयार झाली नाही. आत्या म्हणाल्या, "बांध." तयारीला त्या शेजारच्या लेकुरवाळ्या बायकांकडे जाऊन बसल्या. कळ कुठून निघते, कुठे जाते, दोन कळांच्या मध्ये कसं वाटतं, हे सगळं विचारून आल्या. एकदोघींनी सांगता सांगता विषय बदलला, असं त्या घरी येऊन म्हणाल्या. त्यांच्या ते लक्षात राहिलं होतं.

वर्ग भरलेला. आधी मॅडम स्वतः करून दाखवणार होत्या, नंतर मुली. आत्या टेबलावर आडव्या झाल्या. कळ आली आणि त्या ओरडल्या. मी खऱ्या लेबर रूममध्ये काम केलेलं आहे, तरी मी दोन पावलं टेबलाकडे धावले. मॅडम मुलींना काहीतरी समजावत होत्या. दुसरी कळ. आत्या पुन्हा ओरडल्या आणि मॅडमचा हात धरायला गेल्या. मॅडमनी हात झटकला. आत्यांच्या मांडीवर सणसणीत चापट मारली आणि म्हणाल्या, "गप! तेव्हा ओरडली होतीस का नवऱ्याजवळ? मग आता कशाला बोंबलतेस?"

मागच्या रांगेत दोघी-तिघी हसल्या. मॅडम मुलींकडे वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पुस्तकात काही असो, लेबर रूममध्ये असंच बोलावं लागतं. नाहीतर बाया ऐकत नाहीत. मग बाळाला धोका. लक्षात ठेवा."

मुली लिहून घ्यायला लागल्या. हे मी डोळ्यांनी बघितलं. त्या खाली माना घालून ते लिहून घेत होत्या.

आत्या कोपरावर उठल्या. आवाज अजिबात चढलेला नव्हता, आणि तेच मला भयंकर वाटलं. "काय म्हणालात?"

"आत्या, हे शिकवण्यासाठी होतं. मनाला लावून घेऊ नका."

"कोणाला शिकवण्यासाठी? मला की ह्यांना?"

मॅडम हसल्या. "तुम्हाला काय कळणार बाळंतपणातलं? तुमचा अनुभव आहे का?"

"मी मेलेसुद्धा नाही कधी," आत्या म्हणाल्या. "तरी गेल्या महिन्यात ह्याच पोरींनी माझ्या तोंडावर चादर ओढली. तेव्हा नाही विचारलंत कोणी, अनुभव आहे का म्हणून."

त्या टेबलावरून उतरल्या. रबरी पोट तसंच, पट्टे आवळलेले. एक हात कमरेवर ठेवून भरल्या दिवसांची बाई चालते तशा दाराबाहेर पडल्या. मी मागे धावले. "आत्या, पोट काढा. लोक बघतील."

"बघू देत. मी बाळंत झालेले नाही अजून. पोट कसं काढू?"

भर दुपार. कॉलेजपासून बाजारपेठेपर्यंतच्या रस्त्यावर सावली नाही. नाक्यावरचे रिक्षावाले आधी बघतच राहिले, मग एकाने शिट्टी मारली. किराणा दुकानातले गुजराती शेठ गल्ल्यावरून उठून बाहेर आले. "अरे आत्याबेन, आ शुं थयुं?"

"पोटुशी आहे. बाळंत व्हायला कॉलेजात गेले होते. मारलं मला."

शेठना हसावं की रडावं कळेना. ते हसले. सगळेच हसले. पांढऱ्या केसांची, लग्न न झालेली, गावभर भांडणारी बाई पोट घेऊन बाजारातून चाललीय. का नाही हसणार? बेकरीवाल्या खाला, सगळ्या गावाच्या मावशी, दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आत्या मात्र कळ आली की थांबायच्या, विजेच्या खांबाला धरायच्या, कळ जाऊ द्यायच्या आणि पुढे चालायच्या.

मासळी बाजारात त्या हौसाबाईंच्या पाटीसमोर येऊन बसल्या. हौसाबाई बाजारातली सगळ्यांत मोठ्या तोंडाची. ती सगळ्यांत मोठ्याने हसली. "आत्या, कोन गो तो? नाव तरी सांग!"

"नाव नाही सांगणार. पण काय बोलले ते सांगते," आत्या म्हणाल्या, आणि मॅडमचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं म्हणून दाखवलं. शब्द तेच, स्वर तोच. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज ऐकलेल्या बाईने ते म्हटलं, तेव्हा बाजारात जणू मॅडमच उभ्या राहिल्या.

हौसाबाईचं हसू चेहऱ्यावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. तिने कोयता खाली ठेवला.

"ह्येच," ती म्हणाली. "ह्येच बोललीन मला नर्स. माज्या थोरलीच्या टायमाला. आनि हितं मारलंन." तिने मांडीला हात लावला. "पोरगी झाली तवा आनि एक मारलंन."

बाजूची म्हणाली, "मला पाय बांधलं व्हतं."

"मला न्हाय मारलं. पन रातभर तहान लागली, पानी मागितलं तर म्हनली, मूत पी."

बेकरीवाल्या खाला आमच्या मागोमाग आल्या होत्या, गंमत बघायला. त्या आता हसत नव्हत्या. त्या कोणाकडेच न बघता म्हणाल्या, "मला बोलली, तुम्ही लोक दर साली येता. माझं पहिलंच होतं. अल्ला कसम, पहिलंच होतं."

कोणी मुंबईच्या दवाखान्याचं सांगितलं, कोणी इथल्या, कोणी सासरच्या गावच्या. कोणी सरकारी, कोणी पैसे मोजून गेलेली. मासे घ्यायला आलेले पुरुष हळूहळू मागे सरकले आणि पिशव्या तशाच घेऊन निघून गेले. मी त्या गावात राहत होते, त्या बायकांकडून रोज मासे घेत होते, आणि मला एकीचंही माहीत नव्हतं. त्यांना एकमेकींचंही माहीत नव्हतं. जावा-जावा होत्या त्यांत, आणि एका घरात राहून एकीला दुसरीचं माहीत नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपणच जास्त ओरडलो असणार. आपलंच काहीतरी चुकलं असणार.

ते ऐकताना मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. आणि तो कोणावर काढायचा हेही मला अजून नीट कळलेलं नाही. एका बाईवर काढावा, तर ती एकटी थोडीच होती?

दुसऱ्या दिवशी संस्थेच्या अध्यक्षांनी आम्हा दोघींना आणि मॅडमना बोलावलं. त्यांचं म्हणणं एकच, कॉलेजची बदनामी झाली. त्यांनी हौसाबाईचं विचारलं नाही, मांडीवरच्या चापटीचं विचारलं नाही. पोट कॉलेजच्या मालकीचं असताना बाहेर कसं नेलं, हे विचारलं. आत्यांनी माफी मागावी, म्हणजे प्रकरण मिटेल.

"मारलं तिने आणि माफी मागू मी?"

"ती चापट म्हणजे नाटकातली होती," अध्यक्ष म्हणाले.

"कळ नाटकातली होती. चापट खरी होती."

मी सांगितलं की मी तिथे होते, मी बघितलं आणि ऐकलं. मॅडम माझ्याकडे बघतही नव्हत्या. अध्यक्ष म्हणाले, तुम्ही भाडेकरू आहात त्यांच्या, तुमचं काय धरायचं. तेव्हा दार उघडलं. प्रणाली आत आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिचे अंतर्गत गुण मॅडमच्या हातात होते, आणि ते तिला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती सरळ अध्यक्षांच्या टेबलासमोर येऊन उभी राहिली.

"मारलंन," ती म्हणाली. "मी बगितलंय. मी लिवून पन घेतलं व्हतं, घरी जाऊन खोडलं."

तिला बाहेर जायला सांगितलं. आत्यांना पुन्हा कॉलेजात येऊ नका म्हणून सांगितलं. माझ्याकडचा सरावाचा वर्ग काढून घेतला आणि मला वसतिगृहाच्या देखरेखीला लावलं. प्रणाली त्या वर्षी प्रसूतीशास्त्रात नापास झाली. पुढच्या वर्षी बाहेरचे परीक्षक होते, तेव्हा पास झाली. आज ती एका उपजिल्हा रुग्णालयात, लेबर रूममध्ये आहे. पण तिचं ते एक वर्ष गेलं ते गेलंच. बापाने आपली होडी सोडून दुसऱ्याच्या बोटीवर पगारी काम धरलं होतं तिच्या फीसाठी.

नकली पेशंट बंद झाले. त्यांच्या जागी मुंबईहून एक मोठा पुतळा आला, बाळंतिणीचा. बटण दाबलं की कळा देतो आणि आवाजही करतो. आवाज कमीजास्त करायची सोय आहे. अध्यक्षांनी नारळ फोडला, पुतळ्याला हार घातला. त्याच्यासोबत फोटो काढले.

यानंतर कधीतरी, दिवेलागणीला, मॅडम आत्यांच्या घरी आल्या. मी ओसरीवर सुपारी सोलत होते. उठायला गेले तर आत्यांनी खुणेने बस म्हटलं. मॅडमना त्यांनी पाणी दिलं. मॅडम पाणी प्यायल्या नाहीत, पेला हातात धरून बसल्या.

"मलाही मारलं होतं," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पहिल्या खेपेला. मी त्याच दवाखान्यात स्टाफ नर्स होते, तरी मारलं. माझ्याच बरोबरच्या सिस्टरने. हेच वाक्य. आणि बाळंतपणाची रजा संपल्यावर मी त्याच टेबलापाशी ड्यूटीला उभी राहिले. पहिल्या आठवड्यात कोणीतरी ओरडली आणि माझ्या तोंडून तेच आलं. मला कळलंसुद्धा नाही कधी आलं."

त्या रडत नव्हत्या. माझ्या हातातली सुरी थांबली होती. माझं मन पाघळलं, खोटं कशाला सांगू? मला वाटलं आता आत्या उठतील, त्यांच्या पाठीवर हात ठेवतील आणि सगळं मिटेल.

आत्या उठल्या खऱ्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग चढला होता, बाजारातही नव्हता इतका.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, बाई अडाणी आहे या बाबतीत, हिला कल्पना नाही कसं लागतं ते. नसती कल्पना तर मी सोडून दिलं असतं. तुम्हाला माहीत होतं! कुठे लागतं ते माहीत होतं, आणि बरोबर तिथेच मारलंत? इतकी वर्षं?"

"आत्या, मी तुम्हाला सांगायला आले कारण—"

"मला कशाला सांगता? मला काही झालेलं नाही, मी खोटी पेशंट. त्या पोरींना सांगा. ज्यांनी लिहून घेतलं त्यांना सांगा. जे मला सांगितलंत ते वर्गात उभं राहून सांगा. मी मागे बाकावर बसते, लागलं तर तुमचा हात धरते."

मॅडमनी पेला खाली ठेवला. "ते नाही जमणार," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "नाही जमणार हो." आणि गेल्या.

आत्या बराच वेळ ओसरीवर येरझारा घालत राहिल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. मी म्हटलं, त्या बिचाऱ्या मनातलं बोलायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बिचारी आहेच ती. मी कुठे नाही म्हटलं? पण बिचारी माणसं कमी मारतात असं कोणी सांगितलं तुला?"

मॅडमनी वर्गात कधी काही सांगितलं नाही. माझ्या माहितीत तरी नाही. पण मी वसतिगृहावरून येता-जाता सरावाच्या खोलीत डोकावायची. एकदा एक मुलगी त्या पुतळ्यावर ओरडली, शिकलेलंच वाक्य, मॅडमचंच. आणि मॅडम इतक्या जोरात कडाडल्या, "आवाज खाली! असं बोलतात का बाईशी?" की ती मुलगी हातातली बाहुली टाकून मागे सरली. मॅडम स्वतः पुतळ्याजवळ गेल्या. त्याच्या पायावरची चादर नीट केली.

मला फार मोठी बातमी मिळाल्यासारखं झालं. संध्याकाळी धावतच घरी आले आणि आत्यांना सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. पूर्ण ऐकून घेतलं त्यांनी, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मग सुपातला खडा उचलून अंगणात भिरकावला.

"छान झालं. पुतळ्याची सोय झाली," त्या म्हणाल्या. "आता बायकांचा नंबर कधी लावणार आहेत, ते विचारून ये."